करडाची माय

करडू कुत्रीच्या कुशीत झोपलं, कोंबडी त्याच्या पाठीवर बसली, आणि मी डमी मिटली. टाळ्या येतील म्हणून थांबलो. नेकनूरजवळच्या त्या शाळेत तीसेक मुलं समोर बसली होती. कुणी हललं नाही.

डमी म्हणजे छपाईआधी हाताने शिवलेली कच्ची प्रत. चुका कळाव्यात म्हणून ती आम्ही मुलांना वाचून दाखवतो. मी मात्र कौतुक गोळा करायला गेलो होतो. इतकी वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतोय. पुण्यात हे करडू बघून दोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यातली एक माझी बायको होती, हे मी सांगत नसे.

"लई हिरवं हाय," मागून एकजण म्हणाला. "हे कुठलं गाव?"

बाहेर दुष्काळ होता. शाळेपुढे टँकरसाठी हंड्यांची रांग लागली होती. मी माळावर पोपटी गवत रंगवलं होतं, कारण पोपटी रंग छपाईत उठून दिसतो. "बदलतो," म्हणालो.

मग पहिल्या रांगेतली रेणुका उभी राहिली. आठेक वर्षांची असेल. "सर, करडाची माय कुठं गेली?"

"ती गोष्टीत नाही."

"कावून? मेली?"

ही सगळी ऊसतोड कामगारांची मुलं. आईबाप दूर कुठल्यातरी सहकारी साखर कारखान्यावर, मुलं गावात चुलतीकडे, मावशीकडे, शेजारणीकडे. माझ्या करडू-कुत्री-कोंबडीसारखं जोडलेलं कुटुंब यांच्या घरी दरवर्षीच असायचं. नवल वाटत होतं ते मला एकट्याला.

"नाही, नाही, मेली नाही!"

"मंग उसाला गेली असंल," रेणुकाने ठरवून टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "येती कधी?"

"कारखाना बंद झाला की," मी म्हणालो.

"मंग ते पान कुठं हाय?"

ते पानच नव्हतं. बाहेर येऊन एडिटरला फोन लावला. "मॅडम, शेवटी शेळी परत आणायची."

"अहो, मग प्रेमाने जोडलेल्या कुटुंबाचं काय? आणि फाइल सोमवारी प्रेसला जायचीय!"

"प्रेमाने जोडलेलं कुटुंब" हे शब्द मीटिंगमध्ये मीच ऐटीत वापरले होते. "इथे एक मुलगी त्या पानाची वाट बघतेय," एवढंच सुचलं.

"सोमवारी सकाळी द्या," त्या म्हणाल्या.

शेवटचा स्प्रेड, म्हणजे समोरासमोरची दोन पानं, नव्याने काढला. गवत करपवून टाकलं. शेळी दारात आली. कुत्री आणि कोंबडी घरातच ठेवली, कारण निघताना रेणुकाने बजावलं होतं, "माय आली म्हणून कुत्रीला हाकलायचं न्हाई." चित्र बघून स्वतःवरच खूश झालो. ही खोड काही जात नाही.

छापील पुस्तक घेऊन गेलो तेव्हा कारखाने चालूच होते. रेणुकाची आई आली नव्हती. पोरीने सरळ शेवटचं पान उघडलं. बराच वेळ बघत राहिली.

"चुकलंय," म्हणाली. "उसावरून आलेली एवढी जाड नसती."

खरंच, शेळी गुबगुबीत होती. अंगावर धुळीचा कण नव्हता. मला फार लाज वाटली. सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या.

"असू द्या सर," तीच माझी समजूत काढत म्हणाली. "आली ना."

दुसऱ्या आवृत्तीत शेळी बारीक केली. गोष्टीत शेळी बोललेली मुलांना चालते. उसावरून जाड होऊन आलेली चालत नाही.