निळं चौकोनी म्हणजे तात्पुरतं

मरोळ नाक्यावर कुणी गिल्बर्टला चकाल्याचा जवळचा रस्ता विचारला, तर तो आधी डोकं खाजवतो. तिथले रस्ते दर महिन्याला कूस बदलतात, त्यात त्याचा काय दोष! पण ऑस्ट्रावाच्या वेशीवरच्या वस्त्यांचं विचारून बघा. कोळशावर आणि पोलादावर वाढलेलं हे चेक देशातलं शहर त्याने जन्मात पाहिलेलं नाही. तरी ह्राबोवाहून नव्या बेलाला कसं जायचं म्हटलं की हातातला चहा खाली ठेवून तो सुरू होतो.

"मोठी गोदामं लागतील, तिकडे नाय वळायचा. सरळ. शेतं लागली की समज आलास. गाव पुढेच हाय."

"अंकल, तुमची सासुरवाडी आहे का हो तिकडे?" ऑफिसातली पोरं विचारतात.

"सासुरवाडी गोराईला. तिकडे मना कोण पाणी पण इचारत नाय. त्यापेक्षा हे बरे."

हे ऑफिस म्हणजे मरोळच्या जुन्या गाळ्याला काच लावून केलेलं. आत थंडगार, बाहेर रिक्षांचा धूर. काम असं, की आकाशातून काढलेले परदेशी शहरांचे फोटो पडद्यावर घ्यायचे आणि त्यात रंग भरायचे. पक्कं घर तपकिरी, शेत हिरवं, कारखाना करडा, तात्पुरतं बांधकाम गुलाबी. शिवाय प्रत्येक वस्तीचा इतिहास चार ओळींत लिहायचा. चारच. गिल्बर्टच्या चौदा व्हायच्या. मग टीमचा मुख्य देवव्रत यायचा. हा बोरिवलीचा, स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं देणारा.

"बेसिकली, अंकल, क्लायंट हे वाचणार का? नाही वाचणार. मग आपण लिहायचं का? नाही लिहायचं. राईट? राईट."

तो पाठमोरा झाला की अख्खी रांग ओठ न हलवता पुटपुटायची, "राईट? राईट."

पण चार ओळींत मावणारी गावं का होती ती? स्लेझ्स्का ऑस्ट्रावात एक गढी आहे. तिच्याखालून इतका कोळसा उपसला की गढी हळूहळू जमिनीत खचत गेली. जवळच एमा नावाचा डोंगर आहे, खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा. पोटात अजून धुमसतोय, बर्फ पडलं तरी माथ्यावर टिकत नाही. "म्हणजे आपला देवनारचा कचऱ्याचा डोंगरच," गिल्बर्ट म्हणायचा, "फक्त वास कमी." आणि ह्राबोवा तर त्याचा जीव की प्राण. ते पूर्वी शेतकऱ्यांचं गाव, नंतर शहराने पोटात घेतलेलं. तिथे संत कॅथरीनचं लाकडी देऊळ होतं, शेकडो वर्षांचं. एका रात्रीत जळून गेलं आणि लोकांनी दोन वर्षांत, होतं तसंच्या तसं, परत उभं केलं.

ही गोष्ट त्याने बायकोला, मॉनिकाला, इतक्या वेळा सांगितली होती की ती कोळंबी सोलता सोलता पुढचं वाक्य स्वतःच म्हणायची. "'होता तसा बांधला.' ठाव हाय. आता आपल्या आढ्याचा बोल."

आढ्याचं बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं. गिल्बर्टचं घर चिंचपाखाडीत. दोन टॉवरांच्या बेचक्यात अडकलेलं हे जुनं ख्रिस्ती गाव, गल्लीच्या तोंडाशी क्रूस, आत मंगलोरी कौलांची बुटकी घरं. घराचं आढं वाळवीने पोखरलं होतं, रात्री वरून भुसा गळायचा. बदलायला परवानगी हवी. परवानगी मागायला गेलं की खिडकीतला माणूस म्हणायचा, "गावठाणाची हद्द कुठाय तुमची? नवा नकाशा येऊ द्या." नव्या नकाशात पाखाडी हद्दीच्या आत आली, तर जमीन आपली, घर आपलं, आढं बदला नाहीतर चांदीचं बसवा. हद्दीबाहेर राहिली, तर ती झोपडपट्टी. मग बिल्डरची योजना, आणि चिंचेखालच्या घराच्या बदल्यात एकोणिसाव्या मजल्यावर काड्यापेटी, तीही उपकार म्हणून. गिल्बर्टला आयुष्यात आता दुसरं काहीच नको होतं. चिंचपाखाडी नकाशात तपकिरी यावी, बस.

दरम्यान दर मे महिन्यात मॉनिका शिडीवर चढून छपरावर निळी ताडपत्री ओढायची. सगळी पाखाडी ओढायची. कौलं जुनी, नवी मिळत नाहीत. मिळाली तरी बसवायला जाणता माणूस मिळत नाही.

त्या साली ऑफिसात शर्मिष्ठा नावाची मुलगी आली. मुलुंडची, चटपटीत, कानात कायम वायर. तिला शिकवायचं काम गिल्बर्टकडे. ऑस्ट्रावाच्या कडेला माणसांनी हौसेने केलेल्या भाजीच्या बागा आहेत, बागांत छोट्या खोपी, लाकडं झाकून ठेवलेली. शर्मिष्ठा सगळ्यालाच घर म्हणायची.

"अगं बये, हा तलाव हाय पोहायचा! त्यात कोण राहणार, बेडूक?"

"मग ओळखायचं कसं, अंकल?"

"सोपा हाय. निळा गोल, तर तलाव. निळा चौकोनी, तर ताडपत्री. ताडपत्री म्हणजे तात्पुरता. गुलाबी मार."

"आणि एकच कायतरी वेगळं मधेच दिसलं तर?"

"एकटादुकटा सोडून द्यायचा. शेजाऱ्यांचा रंग द्यायचा. नकाशा कसा साफ दिसला पाहिजे."

शर्मिष्ठाने त्याचं गाणंच केलं. निळं गोल, तलाव बोल, निळं चौकोनी, गुलाबी. सगळी रांग ते गुणगुणायला लागली. देवव्रतला इतकं आवडलं की त्याने हा नियम आणि तो एकटादुकट्याचा, दोन्ही मशीनलाच शिकवले. आता रंग मशीन भरायचं, माणसांनी फक्त मान डोलवायची. गिल्बर्टला त्या महिन्यात 'स्टार' म्हणून एक मग मिळाला. मॉनिकाने त्यात कोथिंबीर ठेवली.

मग एका सोमवारी देवव्रत हात चोळत आला. "बेसिकली, मोठं काम आलंय. कुठलं? आपल्याच उपनगरांचं. अंधेरी ते मुलुंड, हद्दींचा नवा नकाशा. राईट?"

गिल्बर्ट खुर्चीतून उठलाच. "देवव्रत, चिंचपाखाडीचा तुकडा मना दे. मी डोळे मिटून करतो."

"नाही देता येणार ना, अंकल. का नाही? कारण तुमचं घर आहे तिथे. उद्या कोणी म्हणेल, अंकलनी हात मारला."

"अरे पण मनाच ठाव हाय तिथला!"

"म्हणूनच," देवव्रत म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा तो राईट म्हणायला विसरला.

तुकडा शर्मिष्ठाकडे गेला. म्हणजे मशीनकडे. फोटो काढला होता ऐन श्रावणात. गिल्बर्ट जेवणाच्या सुट्टीत तिच्या खुर्चीमागे उभा राहिला तेव्हा पडद्यावर त्याची पाखाडी होती. तो क्रूस, ती चिंच, एलेनमावशीचा कोंबड्यांचा खुराडा. आणि सगळं घरदार गुलाबी. पेपरमिंटासारखं गुलाबी.

"हे काय केलंस गं?"

"काय केलं?" तिने कानातली वायर काढली. "निळं चौकोनी, गुलाबी. तुमचंच ना गाणं?"

"शर्मिष्ठा, ही घरं हायत. माज्या पणज्याच्या बाचा घर हाय त्यात."

तिचा चेहरा हळूहळू उतरला. "शी! अंकल, सॉरी यार. मला काय माहीत! वरून तर सेम दिसतं ना."

"बदल आता."

"गेलं ते. सकाळीच पाठवलं."

देवव्रतला त्याने कॉरिडॉरमध्ये गाठलं. बाकी कसाही असला तरी तो वाईट माणूस नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "अंकल, रविवारी दुपारी ड्रोन परत उडणार आहे, तपासणीला. वरून कौलं दिसली तर बदलेल. नाही दिसली तर नाही बदलणार. मी काही बोललो का? नाही बोललो."

रविवारपर्यंत गिल्बर्टने पाखाडी पालथी घातली. प्रत्येक ओट्यावर जाऊन तेच सांगितलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ताडपत्र्या काढायच्या, संध्याकाळी परत घालायच्या. एवढंच. माना सगळ्यांनी डोलावल्या. मशीनसमोर डोलावतात तशा.

रविवारी आभाळ भरून आलेलं. पावसाळा सरत आला होता, पण सरला नव्हता. गिल्बर्ट शिडी घेऊन एलेनमावशीच्या अंगणात उभा राहिला. ही समोरच्या घरातली, ऐंशीच्या घरातली, पण जीभ अजून पंचविशीत.

"मावशी, काढू ना?"

"काय काढतंस? माज्या घरात सून बाळंत हाय, पोराला दोन आठवडे नाय झाले. तू माजा छप्पर उघडा करतंस?"

"एक दुपार फक्त. वरून फोटो काढणार."

"फोटो काढायचा तर दारात ये म्हणावा, लुगडा नेसून बसते. वरून कोण काढतं फोटो? वरून देव बघतो, त्याला ताडपत्री अडत नाय."

"मावशी, झोपडपट्टी म्हणून लागेल गो नाव!"

"लागू दे. आधी तू तुजा काढ. मग बघू."

आणि हेच सगळ्या ओट्यांवरून आलं. आधी तू काढ. पाखाडीची रीतच ही. लग्नाच्या मांडवाला पहिला बांबू कुणी रोवायचा यावरून इथे बँडवाले तास तास ताटकळत उभे राहिलेत. पहिला बांबू एकदा रोवला की मग सगळे धावतात. त्या हिशेबाने गिल्बर्ट घरी आला आणि शिडीवर चढला.

"भिजेल सगळा," मॉनिका खालून म्हणाली.

"मी काढला की ते काढतील."

"हो. आणि मी पोपची बहीण." पण तिने शिडी धरली.

ताडपत्री निघाली. कौलं बाहेर आली, शेवाळलेली, काळपट लाल, काही फुटकी, तरी रांगेत. गिल्बर्ट वर बसून समोर बघत राहिला. एलेनमावशीच्या दारात कुणी हललं नाही. पलीकडे एकाने शिडी आणली, लावली, आभाळाकडे पाहिलं आणि परत नेली. मग टॉवरांच्या मधून भुणभुण करत ड्रोन आला, पाखाडीवरून दोन फेऱ्या मारून गेला. गिल्बर्टने हात हलवला. का हलवला, त्यालाच ठाऊक.

ड्रोन गेला आणि पाऊस आला. अर्धवट पोखरलेलं आढं तासाभरात मधोमध वाकलं. पलंग, माळ्यावरचं भात, भिंतीवरची येशूची तसबीर, सगळं ओलं. मॉनिका बादल्या लावत होती, बडबडत होती, आणि ताडपत्री परत ओढायला आता वर चढायची सोय नव्हती. छप्पर पाय झेलेना.

बुधवारी नवा फोटो ऑफिसात आला. शर्मिष्ठाने त्याला हाक मारली नाही. तोच गेला. निळ्या चौकोनांच्या गर्दीत एक लाल चौकोन होता, छोटा, स्पष्ट. मशीनने तो आधी तपकिरी रंगवला होता. मग दुसरा नियम लागला. एकटादुकटा, शेजाऱ्यांचा रंग. पडद्यावर तो तपकिरी ठिपका त्याच्या डोळ्यांदेखत गुलाबी झाला. नकाशा साफ दिसत होता.

"मी हाताने बदलू, अंकल?" शर्मिष्ठा कुजबुजली. "करू का? कोणाला कळणार नाही."

"एक घर बदलून काय? आजूबाजूला सगळी झोपडपट्टी, मधे एक गावठाण? रद्दच करतील." त्याने तिचा माऊस बाजूला सरकवला. "आणि तुजी नोकरी जाईल फुकट."

दिवाळीच्या आसपास गळ्यात ओळखपत्रं घातलेली दोन पोरं पाखाडीत आली आणि प्रत्येक दारावर लाल रंगाने झोपडपट्टी योजनेचे आकडे मारून गेली. एलेनमावशीने त्यांना चहा पाजला. तिला वाटलं जनगणना आहे. मॉनिकाने रॉकेलने आकडा घासला. अर्धाच गेला. अर्धा राहिला तो पुऱ्या आकड्यापेक्षा वाईट दिसायला लागला.

त्या रात्री वाकलेल्या आढ्याखाली, बांबूच्या टेकूला पाठ लावून ती म्हणाली, "गिल्बर्ट, तुज्या त्या गावातल्या लोकांनी देऊळ परत कसा बांधला रे?"

पहिल्यांदाच तिने आपणहून विचारलं होतं.

"जागा त्यांची होती," गिल्बर्ट म्हणाला.

या वेळी 'होता तसा' वगैरे त्याने सांगितलं नाही.

मुंबईचं काम संपलं, टीम परत ऑस्ट्रावावर आली. इतिहासाच्या ओळी आता गिल्बर्टच्या चारच व्हायला लागल्या. कधी तीन. देवव्रत खूश. एका दुपारी शर्मिष्ठाने पेत्र्शकोव्हिचे नावाच्या तिथल्या वस्तीचा फोटो त्याच्याकडे सरकवला. टेकडीच्या उतारावर एकटं घर, अर्ध्या छपरावर निळा चौकोन, अंगणात दोरीवर कपडे.

"अंकल, मशीन अडकलंय इथे. काय लावू? कपडे वाळत घातलेत बघा. राहतं कुणीतरी."

"हां. राहतं."

"मग तपकिरी?"

गिल्बर्ट पुष्कळ वेळ त्या कपड्यांकडे बघत राहिला. एक चादर होती बहुतेक, आणि काहीतरी लहान, पोराबाळाचं.

"विचारायला पाहिजे त्यांना," तो म्हणाला.

"कुणाला?"

"आत राहतात त्यांना."

"अंकल, ते चेकमध्ये आहेत." ती हसली नाही. मागून देवव्रतचे बूट वाजत येत होते. "बेसिकली, आजचा कोटा झाला का? नाही झाला. राईट?"

"राईट," गिल्बर्ट म्हणाला, आणि पुढे वाकून त्याने स्वतःच गुलाबी मारला.