आरपार नकाशा

संगमनेरला एका झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर बसून एक गृहस्थ हाताने घरांचे नकाशे काढीत. त्यांचे नाव मी विचारले नाही. माझ्या शेजाऱ्याने माझ्या विहिरीला लागून शौचालयाची टाकी बांधली होती, आणि नगरपालिकेकडे केलेल्या माझ्या सात अर्जांना एकच उत्तर आले होते: पाहणीत आक्षेपार्ह काही दिसून आले नाही. जमिनीखालची टाकी वरून पाहणाऱ्याला दिसावी कशी? संतापून मी त्या गृहस्थांना थेट जागेवर आणले.

त्यांनी टेप लावली, कुंपणावरून टाकीचे झाकण न्याहाळले, गटारात वाकून पाहिले. मग कानामागची पेन्सिल काढून ट्रेसिंग कागदावर दोन्ही घरे जणू काचेची असावीत तशी रेखाटली. भिंतींमागचे जिने दिसू लागले. फरशीखालची टाकी तुटक रेषांत विहिरीला खेटून उभी राहिली. तशाच रेषांत त्यांनी माझ्या मोरीचा पाईपही काढला. तो शेजाऱ्याच्या अंगणाखालून गटाराला जात होता.

"तो कशासाठी? तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे," मी सुनावले.

"काका, त्यांची जमीन आरपार दाखवायची अन् तुमची झाकायची, आसं चित्र मला येत न्हाई." त्यांनी फुंकर मारून कागद साफ केला. "पुसायचं आसंल तर तुमी पुसा. रबर हाय."

मी रबर उचललेही होते. वस्तुस्थिती दडविल्याचा आरोप मी आयुष्यभर इतरांवर केला; त्या कृत्याला एवढेसे साधन पुरते, हे मात्र मला तेव्हा कळले. मी ते खाली ठेवले.

आठव्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिले की माझा पाईप मी पंधरा दिवसांत काढून घेत आहे. दुसऱ्या परिच्छेदात शेजाऱ्याला टाकी हटविण्यासाठी तेवढीच मुदत द्यावी, अशी मागणी केली आणि नकाशा जसाच्या तसा जोडला.