तांडेलाचं बोंडलं

साठीचा एक धिप्पाड माणूस पडवीत मांडी घालून बसला आहे आणि तान्ह्या मुलाच्या बोंडल्याने नाचणीचं सत्त्व पितो आहे, असं दृश्य तुम्ही कधी पाहिलंय? आमच्या मांडवीच्या आळीने ते पुष्कळ दिवस पाहिलं, आणि फुकट पाहिलं. बोंडल्याची चोच मिशांत हरवायची. कोणी फिदीफिदी हसलं की तांडेल घोट गिळून म्हणायचे, "हसताव कशाला? आदी पानी मोजायचा, मंग गलबत घालायचा."

जन्म त्यांनी गलबतावर खलाशांचा म्होरक्या म्हणून काढला होता. अनोळखी खाडीत शिरताना दोरीला शिसं बांधून खोली मोजायची, ही सवय जमिनीवर आल्यावरही सुटली नाही. नवी वहाण आधी एकाच पायात घालून अंगणात हिंडायचे. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. माझ्या घरचा चहासुद्धा ते बशीच्या कडेला जीभ लावून, मग घ्यायचे. माझी बायको यावर काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

त्यांची मुलगी बाळंतपणात गेली आणि मागे तान्ही शेवंती राहिली. तांडेलांच्या सुनेने आपल्या मुलाबरोबर तिलाही अंगावर पाजलं. पण पुढे सुनेला हिवतापाने धरलं आणि दूध आटलं. दोन्ही मुलांना गाईचं दूध सुरू केलं. सुनेचा मुलगा ते पिऊन गुटगुटीत झाला. शेवंतीच्या अंगावर मात्र घटकाभरात लाल चट्टे उठले, ओठ सुजले, छाती घरघरू लागली. पुन्हा दिलं, पुन्हा तेच. पोर वाळून काटकी झाली. ही जगते की नाही, हा प्रश्न होता.

प्रश्न एक, उत्तरं मात्र आळीभर. ज्यांची गाय होती ते बागायतदार रुसले. "आमच्या गोठ्यातलं दूध चार पिढ्या गाव प्यालं, कोणाला शिंकही आली नाही!" त्या एवढ्याशा पोरीने जणू त्यांच्यावर फिर्यादच केली होती. भटजी म्हणाले, गोमातेचं दूध बाधेलच कसं? दोष गाईच्या रंगाचा, काळी गाय बघा. काळी गाय बघितली, भटजींचा अंगाराही लावला. चट्टे लालच उठले. मग कोणाची तरी शेळी आली, तिनेही तेच केलं.

शेवटी डॉक्टर. ते मुंबईत शिकलेले, त्यामुळे शंका येण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी बोटीने दुधाच्या भुकटीचा विलायती डबा मागवला. डब्यावर गुबगुबीत गोरं मूल हसत होतं. तांडेलांनी रिवाजाप्रमाणे आधी स्वतः पिऊन पाहिलं, ते त्यांना झकास लागलं. मग शेवंतीला दिलं, आणि त्या दुपारी पोर निळी पडून कशीबशी वाचली. डॉक्टरांनी डबा उलटासुलटा केला आणि म्हणाले, "तसं यातही गाईचंच दूध असतं म्हणा."

"मंग?" तांडेल म्हणाले. "विलायतेची गाय म्हंजे काय गाय नाय?"

त्या दिवसापासून त्यांनी जनावराचं दूध बंद केलं. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, तळाशी बसलेलं सत्त्व शिजवायचं आणि त्यात थोडा नारळाचा रस घालायचा. हे सगळं ते स्वतः करायचे आणि आधी दिवसभर स्वतः तेच प्यायचे. सून आतून म्हणायची, "मामंजी, मिशीत पोरीचा जेवान अडकलाय."

एका संध्याकाळी भरल्या पडवीत डॉक्टरांनी त्यांना गाठलं. "तांडेल, तुम्हाला गाय पचली, डबा पचला, उद्या खिळे पचतील. तुमच्यावरून पोरीचं काय कळणार?"

पडवी खदखदून हसली. मुद्दा बिनतोड होता. तांडेलांनी बोंडलं खाली ठेवलं.

"कायएक कळत नाय, ठाव हाय मना," ते म्हणाले. "पन डब्याच्या टायमाला मी पेलो नि बाजूला झालो. ती एकटी हुती. आता ती खाईल तेच मी खानार. सोबतीला."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

मग सुरुवात झाली. पहिल्या दिवशी खडीसाखरेच्या पाण्यावर ठेवलेल्या शेवंतीच्या ओठावर फक्त एक थेंब. भरती लागल्यापासून ओहोटी लागेपर्यंत ते उजेडात तिचं पोट उघडं ठेवून बघत बसले. काही उठलं नाही. दुसऱ्या दिवशी बोट बुडवून, मग अर्धा चमचा, मग चमचा. असं खोली मोजत मोजत ते पोरीला घेऊन आत शिरले. दिवाळीत ती पडवीभर रांगत होती आणि माझे जोडे चोखत होती.

आता श्रेयाची वाटणी झाली. भटजी म्हणाले, अंगारा लागू पडला. डॉक्टर म्हणाले, पाया डब्यानेच घातला. बागायतदारांनी गाईला पुरणाची पोळी चारली. तांडेलांना विचारायचं राहूनच गेलं. ते नातीचं उरलेलं संपवत होते.

काही वर्षांनी तांडेलांची एक बाजू वाऱ्याने गेली. जीभ जड झाली, धड गिळता येईना. शेवंती तेव्हा माझ्याच शाळेत होती. तिने माळ्यावरून बोंडलं शोधून काढलं. रोज ती सत्त्व करी आणि त्यांच्या तोंडाला लावण्याआधी स्वतः एक घोट घेई.

"गरम आहे का बघतेस?" मी विचारलं.

"नाय मास्तर. आजा एकटा कसा पिनार?"

तांडेल जिवंत बाजूने हसले. मला त्या माणसाचा फार हेवा वाटला.

ते गेले त्या सकाळी सत्त्व ओठांतून परत आलं. मिशीत अडकलेलं शेवंतीने परकराने पुसलं. माणसं जमली, बायका रडू लागल्या. कोणीतरी तिला सांगितलं, पोरी, ते बोंडलं रिकामं करून धुऊन ठेव. ती पडवीत आली, त्यांच्या जागेवर मांडी घालून बसली आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.