दुसरा उमेदवार

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लखनौमध्ये, हजरतगंजच्या एका ऑफिसात, नेटवर्क इंजिनिअरच्या एकाच जागेसाठी शेवटी आम्ही दोघे उरलो होतो. शेजारी बसलेला दुसरा उमेदवार, चाळिशीतला माणूस, सारखा माझ्या वहीत डोकावायचा, म्हणून मी ती मिटून ठेवली. केबल सोलून सोलून त्याच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

आधी त्याला बोलावलं. बाहेर येताच तो हळूच म्हणाला, "सबनेट का हिसाब काग़ज़ पर करवा रहे हैं. एक बार देख लीजिए."

हा मला चकवतोय, असं वाटून मी वही उघडलीच नाही. आत नेटवर्कचे पत्ते गटांत विभागण्याचा तोच प्रश्न आला आणि माझा हिशेब चुकला.

तो बाहेर थांबला होता. "यही पूछा न?"

"नहीं," मी म्हणालो.

"फिर तो मैंने आपका वक़्त ख़राब किया. माफ़ कीजिएगा," तो म्हणाला, आणि मी माफ केल्यासारखी मान हलवली.