टेपमावशीने मापलेली वाट

गल्लीच्या नजरेत ती पहिल्यांदा भरली दुधाच्या रांगेत, शिवणकामाची टेप गळ्यात तशीच लोंबत असताना. तेव्हापासून ती सगळ्यांची टेपमावशी. समोरच्याची छाती-कंबर ती नुसतं बघून सांगायची, पण स्वतःच्या नजरेवर तिचा भरवसा नव्हता. मापल्याशिवाय कात्री चालायची नाही.

एकुलती एक लेक नर्सच्या नोकरीसाठी परदेशी निघाली, तेव्हा मावशीने तिची वाटही मापली. भिंतीवरच्या नकाशावर टेप ताणून कापडाच्या खडूने सरळ रेघ ओढली. या टोकाला आपलं शहर, त्या टोकाला तिचं, मध्ये वाळवंट आणि समुद्र. तिकिटावर लिहिलं होतं, चौदा तास.

पहाटे पाचला विमान उडालं. ते कुठवर गेलं हे दाखवणारं ॲप लेकीने जाताना फोनवर टाकून दिलं होतं. नऊला मावशीने पाहिलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. विमान रेघेवर नव्हतं. ते वर, थेट बर्फाकडे चाललं होतं.

"अहो, वाट चुकली! नाहीतर पळवलं कोणीतरी!"

नवरा दुकानाच्या कोपऱ्यात इस्त्री करत होता. "पायलटला तुझी खडूची रेघ दिसली नसेल," तो म्हणाला. पण इस्त्री शर्टावर तशीच राहिली, जळका वास सुटला, आणि हेही घाबरलेत हे मावशीला कळलं.

दुपारी एकला ॲपमधलं विमान एका जागी थांबलं. हवेत विमान थांबतं का कधी? विमान कंपनीचा फोन लागेना. हात कामात ठेवावा म्हणून ती मशीनवर बसली, तर एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या.

तीनला बेकरीवाल्या आजी माप द्यायला आल्या. पोट चांगलं गोल. टेप ताणली की वर सरके. तीनदा तेच झालं.

"अगं, ओढू नकोस इतकी. ओढलीस की वरच पळणार ती. तिकडे घेर कमी ना!"

मावशीचा हात थांबला. गोल अंगावर ताणलेली टेप आपणहून जवळची वाट धरते. पृथ्वीही गोल, वर तिचाही घेर कमी; नकाशा मात्र सपाट.

"म्हणजे विमान बरोबर चाललंय?"

"कुठलं विमान?"

मावशीने सगळं सांगितलं. आजी पोट धरून हसल्या. "वाढवलं मी, आणि कामाला आलं तुझ्या लेकीच्या!"

मावशीला हसू आलं नाही. वळण समजलं होतं, पण थांबलेलं विमान समजत नव्हतं. सात वाजले. सव्वासात. नवरा दाराशी जाऊन उगाच उभा राही, परत येई. दोघंही फोनकडे बघत, एकमेकांकडे नाही.

साडेसातला निरोप आला. 'पोचले. बर्फावरून विमानाचा सिग्नल मिळत नाही, ॲपवर थांबलेलं दिसलं असेल. बॅगांची वाट बघतेय.' नवऱ्याने तो तिला तीनदा मोठ्याने वाचायला लावला.

लेक आता तिथेच रुळली आहे, आणि दरवर्षी म्हणते, "तिकीट काढू का?" टेपमावशी यंदा साठ वर्षांची झाली. ती अजून एकदाही विमानात बसलेली नाही.