लसणाला उसंत

जानेफळच्या शेतात रोडग्यांची पंगत होती. अर्धांगवायूने हात मंदावलेल्या रंगरावांनी भाजीचा लसूण सोलण्याचे काम आग्रहाने मागून घेतले होते. पाहुणे वाटेवर आहेत, हे ऐकताच सून अर्पिताने त्यांच्यापुढची लसणाची परडी ओढली.

“मामाजी, द्या मले. उशीर होऊन राह्यला.”

रंगरावांचा चेहरा उतरला.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे लोटत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई म्हणाल्या, “काऊन वं घाई? जेवन रोडग्यांवर अडलं हाय, लसणावर नाही. रोडगे भाजाले लई येळ लागते, म्हनून तं भाजीच्या आंधी गोवऱ्या पेटवल्या.”

रोडगे भाजले जाण्याच्या त्या लांब वेळात त्यांनी पतीच्या मंद हातांसाठी अवकाश राखला होता.

अर्पिताने परडी हळूच सासऱ्यांपुढे सरकवली. भाजी शिजून उतरली, तेव्हाही रोडगे निखाऱ्यांतच होते.