बेरीज जुळली होती

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, चहात साखर किती घातली याचीसुद्धा आमच्यात चर्चा होते — पण हे नाही. बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, दमले. एखादी गोष्ट पोटात धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता पुरत नाही.

पण एकदम तिथं नाही यायचं मला. जमणार नाही. आधी थोडं मागचं ऐकून घ्या.

मी मूळची नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात आले आणि इथल्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवायला लागले. फळा, खडू आणि मी. माझ्या तासाला मागच्या बाकावरही चुळबूळ नसायची. ‘मॅडम लई कडक हायत’ असं पोरं जिन्यात म्हणायची आणि मी न ऐकल्यासारखं करून मनात खूश व्हायचे. आपल्याला सगळं येतं, अशी एक गुर्मी असते ना शिक्षकात — ती माझ्यात जरा जास्तच होती.

मग कॉलेजात नवी पदवी सुरू झाली. कॉम्प्युटर आणि अकाउंट्स-फायनान्स, दोन्ही एकत्र. सकाळी पोरांनी प्रोग्राम लिहायचा, दुपारी ताळेबंद मांडायचा, आणि तिसऱ्या वर्षाला दोन्हींची गाठ घालायची. प्राचार्य म्हणाले, अकाउंट्स तुम्ही शिकवता, तर त्याचं कॉम्प्युटरवरचं प्रॅक्टिकलही तुम्हीच घ्या. येईल ना? मी म्हटलं, येईल की. आठवडाभराच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट होतं माझ्याकडे, फ्रेम करून केबिनमध्ये लावलेलं. त्या आठवड्यात मी काय शिकले होते? जेवण चांगलं होतं, एवढं आठवतं.

तरन्नुम अत्तार त्या पहिल्याच बॅचमधली. वडील टेम्पो चालवायचे, अक्कलकोट रोडला. मुलगी बारीकशी, पुढच्या बाकावर, प्रश्न कमी विचारणारी. तिच्या एकटीच्या डोक्यात दोन्ही विषय सुखानं नांदत होते — तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, मांडता मांडता ती त्याचा प्रोग्राम कसा होईल ते वहीच्या कडेला लिहायची. लॅबमध्ये मी माउसला हात लावायला कशी बिचकते हे सगळ्यात आधी तिनंच पाहिलं. हसली नाही. तास संपून सगळे गेल्यावर परत आली आणि शेजारी उभी राहून म्हणाली, ‘‘मॅडम, घाबरायचं न्हाय. बिघडलं तरी परत करता येतंय की.’’

तेव्हापासून दर बुधवारी दुपारी ती मला शिकवायची. केबिनचं दार लोटून. मी तिला बजावलं होतं, हे कुणाला कळता कामा नये. ‘‘न्हाय सांगत,’’ ती म्हणाली, आणि दोन वर्षं तिनं ते पाळलं. तिच्याकडून बुधवारी शिकायचं आणि गुरुवारी तेच तिच्यासकट सगळ्या वर्गाला शिकवायचं, असं माझं चाललं होतं. कुठं अडखळले तर ती वहीत डोकं घालून बसायची. मला लाज वाटू नये म्हणून.

तेवढ्यात इंटर्नल मार्क ऑनलाइन भरायचा नियम आला. तो प्रकार मला शेवटपर्यंत झेपला नाही. मी सरळ माझा पासवर्ड कागदावर लिहून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तूच भरत जा. तिनं कागद धरला, पण उघडला नाही. ‘‘पासवर्ड असा कुणाला देऊ नये, मॅडम.’’ मी म्हटलं, तू काय परकी आहेस?

हो, मी दिला. हातानं लिहून दिला. हे लिहून झालं एकदाचं — पण एवढंच नाही ना.

शेवटच्या सेमिस्टरचे मार्क होते. वीसपैकी. कागदावर मी ते रोल नंबरनं लिहिले. तरन्नुमला मी अठरा दिले. मिळायला हवे होते वीस, पण ही पोरगी मॅडमच्या केबिनमध्ये असते, असं कुणी बोलेल अशी धास्ती होती. म्हणून तिच्या हक्काचे दोन मार्क मी माझ्या धास्तीपायी कापले. मग ते सगळे मार्क शीटवर टाइप केले, स्वतः, एका बोटानं. आणि हौस बघा माझी — जास्तीत जास्त कुणाला आहेत ते वरून खाली लावून पाहावं म्हटलं. मार्कांच्या रकान्यावर गेले, बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं. न वाचताच मी हो म्हटलं. मार्क लागले उतरत्या क्रमानं. नावं मात्र जागच्या जागी राहिली. सगळ्या वर्गाचे मार्क भलत्याच नावांसमोर जाऊन बसले.

आणि मला ते दिसलं नाही. कसं दिसणार? मी अकाउंट्सची बाई. मी बेरीज तपासली. कागदावरची आणि शीटवरची. जुळली. जुळली म्हणजे बरोबर, असा माझा हिशेबी जीव निवांत झाला.

दुसऱ्या दिवशी तरन्नुमनं लॅबमधून ती शीट साइटवर चढवली. त्या वेळी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवत होते — काय, ते सांगायलाही नको वाटतं. तेरीज जुळूनसुद्धा ज्या चुका उघड होत नाहीत, तो धडा. दर वर्षी शिकवते. शिकवायचे.

तुम्ही विचाराल, तिला तरी कसं कळलं नाही? ती बघायचीच नाही. दुसऱ्यांचे मार्क आपण बघू नयेत, म्हणून फाइल न उघडताच चढवायची.

चार दिवसांत तक्रारी आल्या. प्रत्येकाला फक्त आपले मार्क दिसायचे, त्यामुळे नेमकं काय झालंय ते कुणाला कळेना. एवढंच कळलं की हुशार पोरांचे मार्क गेलेत आणि वर्गात न फिरकणाऱ्यांना मिळालेत. आणि वीसपैकी वीस — रोल नंबर एक. अत्तार. यादीत तिचं नाव पहिलं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. मग लॉगिनची वेळ निघाली, लॅबमधला कॉम्प्युटर निघाला, त्यावर बसलेली तरन्नुम निघाली, आणि त्या वेळी मी वर्गात होते याला साठ साक्षीदार होते.

मी केबिनमध्ये जाऊन शीट उघडली. वीस, एकोणीस, एकोणीस, अठरा — पायऱ्या उतरल्यासारखे आकडे खाली जात होते. तेव्हा मला कळलं. सगळं कळलं. मी काय केलं? ती फाइल पुसून टाकली. मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. ती कायमची कशी जाते, तेही मला तिनंच शिकवलं होतं.

चौकशीत मार्कांचा क्रम कुणी पाहिलाच नाही, पासवर्ड कुणाकडे होता एवढंच पाहिलं; आधी मला विचारलं. या मुलीला तुम्ही पासवर्ड दिला होता का? मी म्हटलं, नाही. शब्द अडखळलासुद्धा नाही. मग तिला आत बोलावलं, माझं उत्तर ऐकवलं आणि विचारलं, तुला काय सांगायचंय? ती माझ्याकडे बघत असावी. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. मग ती म्हणाली, ‘‘मॅडम म्हणतायत तसंच.’’

तिनं दोन वर्षांपूर्वी शब्द दिला होता ना — न्हाय सांगत.

निकाल राखून ठेवला गेला. वर्ष पुन्हा करावं लागेल, असं ठरलं. एका सीएच्या ऑफिसात तिची नोकरी जवळजवळ ठरली होती, ती गेली. वडील तिचं नाव काढून दाखला न्यायला आले तेव्हा कॉरिडॉरमध्ये मला नमस्कार करून म्हणाले, ‘‘पोरीनं तुमचं नाव खराब केलं, मॅडम. माफ करा.’’ मी मान हलवली. म्हणजे — माफ केलं.

खरं बोलले असते तर माझं काय गेलं असतं? चार लोक हसले असते. ती फ्रेम काढावी लागली असती. फार तर एक मेमो. एवढ्यासाठी मी त्या पोरीची पदवी घेतली.

याला नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात पेन्शनच्या साइटवर नाव नोंदवायचं होतं. मला अजूनही ते येत नाही. कुणीतरी म्हणालं, विजापूर वेशीत एक दुकान आहे, फॉर्म झटपट भरून देतात. गेले. काउंटरवर तरन्नुम होती. जरा भरली आहे, चष्मा लागलाय. माझ्या आधी एक म्हातारबाबा होते, त्यांनी आपला पासवर्ड सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला आणि तिनं तो टाइप करून दिला. मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘बसा, मॅडम.’’ पंखा माझ्याकडे फिरवला. ना राग, ना काही. भराभरा सगळं भरलं, नाव, पत्ता, नोकरीची वर्षं. कुठल्या कॉलेजात होते, ते तिनं विचारलं नाही. टाकलं.

मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

‘‘पासवर्ड तुमीच टाका, मॅडम.’’

आणि उठून, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी एका बोटानं अक्षरं शोधत बसले. पहिल्यांदा चुकलं. पुन्हा टाकलं. ती वळली नाही. दुकानात त्या वेळी आम्ही दोघीच होतो. एक वाक्य बोलायला हवा तेवढा वेळ होता, दहा वाक्यं बोलायलाही होता.

‘‘झालं का, मॅडम?’’ तिनं भिंतीकडे बघतच विचारलं.

मी म्हटलं, झालं.